न मोजलेला भाग

सिडनीला पाणी पुरवणाऱ्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठावर १९५२ मध्ये ३२ लहान तबकड्या एका ओळीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा व्यास जेमतेम सहा फूट, पण ओळ दोनशे मीटरहून लांब. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेचे अभियंते डब्ल्यू. एन. क्रिस्तियानसेन यांना २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींत सूर्य कसा दिसतो ते पाहायचं होतं. अडचण अशी की तबकड्यांची ओळ आपल्या दिशेत बारीक बघते आणि आडव्या दिशेत जवळपास काहीच वेगळं काढू शकत नाही. तिच्या नजरेला सूर्याची थाळी दिसतच नाही. दिसते ती एक अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीतल्या सगळ्या तेजाची बेरीज. सूर्य या पट्टीखालून सरकत गेला की कागदावर एक वक्ररेषा उमटते. एवढंच.

एका वक्ररेषेतून चित्र होत नाही. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्यावर पडणाऱ्या पट्टीचा कल बदलत जातो. पुढे उत्तर-दक्षिण दिशेत १६ तबकड्यांची दुसरी ओळ उभी राहिली आणि पहिलीच्या आवाक्यात न येणारे कलही मिळू लागले. तरीही पेच सुटला नव्हता. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या पट्ट्या एकत्र करायच्या तर सूर्य तोच असायला हवा, आणि सूर्यावर तर डाग उगवतात, मावळतात, सरकतात. क्रिस्तियानसेन आणि त्यांचे सहकारी जे. ए. वॉरबर्टन यांनी अनेक दिवसांच्या वक्ररेषा एकावर एक ठेवल्या आणि प्रत्येक ठिकाणची सर्वांत खालची किंमत धरली. डागांमुळे तेज वाढतंच, कमी होत नाही. म्हणून खालची कड हा शांत सूर्य, असा हिशेब. त्यावरून केलेली आकडेमोड टेबलावरच्या गणनयंत्रांवर झाली आणि १९५५ मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला. सूर्याची कड विषुववृत्ताजवळ उजळ होती, ध्रुवांपाशी नव्हती.

या गटात तेव्हा गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण भारतीय काम शिकत होता. पॉट्स हिलच्या त्या ३२ तबकड्या पुढे ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या स्वरूप यांनी १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्याकडेच वळवल्या. आज लोकलच्या गर्दीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात भारतातल्या पहिल्यावहिल्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक होती, हे कल्याणकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

सिडनीतल्या त्या नकाशात लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी: त्यात सगळं मोजलेलं नव्हतं. ‘डागांच्या मागे एक न बदलणारा सूर्य आहे’ हे वाक्य कोणत्याही तबकडीने टिपलं नव्हतं. ते माणसांनी घातलं, आणि त्याच्याविना चित्र पूर्ण झालं नसतं. बाजूंनी घेतलेल्या बेरजांवरून आतलं चित्र काढण्याच्या विद्येचा, म्हणजे टोमोग्राफीचा, इतिहास सहसा यंत्रांच्या नावांनी सांगितला जातो. तो न मोजलेल्या भागात कोणी काय भरलं, या अंगानेही वाचता येतो, आणि तसा वाचला तर जास्त रंगतो.

गणिताने उत्तर फार आधी दिलं होतं. ऑस्ट्रियाच्या योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं की एखाद्या प्रतलातल्या सगळ्या सरळ रेषांवरच्या बेरजा माहीत असतील, तर आतली प्रत्येक किंमत काढता येते. मेख ‘सगळ्या’ या शब्दात आहे. रेषा अनंत, मोजणाऱ्याचं आयुष्य मर्यादित. राडॉन १९५६ मध्ये व्हिएन्नात वारले. त्याच वर्षी रोनाल्ड ब्रेसवेल यांनी पट्ट्यांवरून आकाशाचं चित्र काढण्याचं गणित एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकात मांडलं. स्वरूप यांनी पुढे स्टॅनफर्डला पीएच.डी. केली ती याच ब्रेसवेल यांच्याकडे.

१९५६ मध्येच तिसरीकडे आणखी एक माणूस याच प्रश्नाला अडखळला. केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात किरणोत्सारी द्रव्यांवर देखरेखीला कायद्याने भौतिकशास्त्रज्ञ लागायचा. तिथला माणूस सोडून गेला होता, म्हणून विद्यापीठातले ॲलन कॉरमॅक आठवड्यातून दीड दिवस जाऊ लागले. कर्करोगावर किरणांची मात्रा ठरवताना शरीर आतून एकसारखं धरतात, हाड आणि फुप्फुस यांत फरक करत नाहीत, हे त्यांना खटकलं. १९५७ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची गोल चकती घेतली, तिच्याभोवती लाकडाचं कडं बसवलं आणि कोबाल्टच्या गॅमा किरणांनी तपासणी केली. वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी असल्याने एकाच कोनातून मोजमाप पुरेसं होतं. काटकसरीचं गृहीतक ते हेच. गंमत अशी की आकडे केंद्राजवळ जुळेनात. शोध घेतल्यावर कळलं, चकती बनवणाऱ्या कारागिराने मधोमध थोड्या वेगळ्या घनतेच्या ॲल्युमिनियमची खुंटी बसवली होती. गणिताने ती न बघता पकडली होती.

कॉरमॅक यांचे निबंध १९६३ आणि १९६४ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये आले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. त्यांच्याच सांगण्यानुसार प्रतींसाठी आलेली सर्वांत मजेशीर मागणी स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राची होती: डोंगरावरच्या बर्फाचा थर असा तपासता येईल का? येईल, फक्त किरणांचा उगम किंवा टिपणारं यंत्र यांपैकी एक बर्फाखाली डोंगरात पुरावं लागेल! राडॉन यांचं काम कॉरमॅकना तोवर माहीतच नव्हतं.

खरं भांडण झालं ते विषाणूंवरून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जैविक नमुना फार वेळ टिकत नाही. इलेक्ट्रॉनांचा माराच त्याला नासवतो. त्यामुळे चार-सहा चित्रांत काम भागवावं लागतं. केंब्रिजमध्ये डेव्हिड डीरोझियर आणि ॲरन क्लुग यांनी १९६८ मध्ये जिवाणूंवर जगणाऱ्या टी-४ विषाणूच्या शेपटीची त्रिमितीय रचना काढली. ही शेपटी मळसूत्री असते, म्हणून एकाच चित्रात तिची अनेक बाजूंची रूपं मिळतात. वीस फलकांच्या सममित विषाणूंत तर एक चित्र साठ चित्रांचं काम करतं. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या टोनी क्राउदर यांच्या नावाने ओळखला जाणारा १९७० चा नियम साधा आहे: वस्तूचा व्यास जितका मोठा आणि हवा असलेला तपशील जितका बारीक, तितके जास्त कोन हवेत. सवलत फक्त सममितीची.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठातून रिचर्ड गॉर्डन, रॉबर्ट बेंडर आणि गॅबर हर्मन यांनी दावा केला की थोडीच चित्रं, तीही साठ अंशांच्या पल्ल्यातली, पूर्ण असममित वस्तूलाही पुरतात. त्यांची युक्ती अशी की छेदाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात अंदाजे आकडा भरायचा, एका बाजूची बेरीज चुकली की त्या ओळीतल्या चौकोनांत फरक वाटून टाकायचा, मग दुसरी बाजू घ्यायची, आणि हे चालू ठेवायचं. आकड्यांचं कोडं सोडवणारा माणूस खोडरबर घेऊन बसतो तसंच. हेच सूत्र पोलंडच्या स्टेफान काचमार्झ यांनी १९३७ मध्ये तीन पानांत मांडलं होतं, पण बफेलोकरांना त्याची कल्पना नव्हती. या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘आर्ट’, म्हणजे कला, हा शब्द होतो; क्राउदर आणि क्लुग यांनी १९७१ मध्ये त्यावरूनच तिला ‘कला’ म्हणून चिमटा काढणारा निबंध लिहिला. पलीकडून लगेच ‘ही कला शास्त्रच आहे’ अशा अर्थाच्या मथळ्याचं प्रत्युत्तर आलं.

बाजू कोणाची खरी? केंब्रिजचा आक्षेप रास्त होता. बेरजा जुळल्या म्हणजे आतलं चित्र खरं, असं होत नाही; त्याच बेरजा देणारी इतर चित्रंही असतात. पण बफेलोच्या लोकांनी नकळत एक वाट उघडली होती. चौकोनातला आकडा ऋण असू शकत नाही, यासारखी साधी माहितीही त्यांच्या पद्धतीत सहज घालता येत होती.

या सगळ्यात ज्याचं नाव सर्वांत मोठं, त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना हा पेच जवळपास पडलाच नाही. लंडनजवळच्या हेझ इथल्या ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या पहिल्या चाचणीत मोजमापाला नऊ दिवस लागले होते, पण विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचं डोकं क्ष-किरणांनी तपासलं ते सीटी यंत्र १८० कोनांतून प्रत्येकी १६० नोंदी घेत होतं. म्हणजे ६,४०० चौकोनांसाठी २८,८०० मोजमापं. ही चैन होती. (हा खर्च बीटल्सच्या रेकॉर्डच्या पैशातून निघाला, ही गोष्ट चवीने सांगितली जाते, पण मोठा वाटा प्रत्यक्षात ब्रिटनच्या आरोग्य खात्याने उचलला होता.) कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं. त्याच १९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी सगळं गणित सोपं आणि वेगवान करणारी रीत मांडली. कोलॅजेनच्या तिपेडी रचनेमुळे रामचंद्रन आधीच जगभर माहीत होते. ‘राम-लक’ हे नाव सीटी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही भेटतं. ही रीत भरपूर कोन असतील तर उत्तम. कोन कमी पडले की चित्रभर रेघोट्या उमटतात.

१९७७ मध्ये स्मिथ, सॉल्मन आणि वॅगनर या अमेरिकी गणितज्ञांनी विरजण घातलं. क्ष-किरण चित्रांची संख्या कितीही मोठी पण मर्यादित असेल, तर काटेकोर गणितानुसार त्यांतून आतलं काहीच निश्चित होत नाही, असं त्यांनी दाखवलं. मोजमापांना अजिबात न दिसणाऱ्या रचनांना या क्षेत्रात ‘भुतं’ म्हणतात. डॉक्टरांचं काम तरीही चालतं, कारण माणसाचं डोकं मनमानी आकाराचं नसतं.

आणि चैन सगळीकडे परवडत नाही. लहान मुलांना किरणांची मात्रा कमी द्यावी लागते. सूक्ष्मदर्शकात पेशीचा पातळ काप साठ अंश कलवला की किरणाला दुप्पट जाडी ओलांडावी लागते. त्यापुढे फार जाता येत नाही, आणि एक तृतीयांश कोन कायमचे हरवतात. नारायणगावजवळच्या खोडद इथे स्वरूप यांनीच उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनाही आकाशाची सगळी माहिती मिळत नाही. तिथे १९७४ मध्ये यान हॉगबॉम यांनी सुचवलेली पद्धत उपयोगी पडते. तिचं गृहीतक असं की आकाश बहुतांश रिकामं आहे, त्यात मोजके तेजस्वी ठिपके.

‘बहुतांश रिकामं’ या कल्पनेला नेमकं गणित मिळालं ते २००४ च्या सुमारास. कॅलिफोर्नियात इमॅन्युएल कँडेस आणि जस्टिन रोमबर्ग एका चाचणी-चित्रावर काम करत होते. १९७४ मध्ये लॅरी शेप आणि बेन लोगन यांनी दहा लंबगोलांतून बनवलेलं ते कृत्रिम डोकं होतं. फक्त २२ कोनांएवढी माहिती, म्हणजे एकूण माहितीच्या पाच टक्क्यांहूनही कमी. अपेक्षा होती थोडं साफ चित्र मिळण्याची. मिळालं तंतोतंत मूळ चित्र. कँडेस यांनी हे टेरेन्स टाओ यांच्यापुढे ठेवलं. दोघांची मुलं एकाच बालवाडीत होती, तिथल्या ने-आणीत गप्पा झाल्या. तिघांचा निबंध २००६ मध्ये आला. अट एकच: चित्रात कडा थोड्या असाव्यात, बाकी सपाट. लंबगोलांचं डोकं ही अट हसत पाळतं. खरं यकृत किंवा खरी गाठ ती नेहमी पाळेलच असं नाही, आणि या शोधाच्या कौतुकात हे थोडं मागे पडलं, असं म्हणायला जागा आहे.

आता गृहीतक माणूस लिहीत नाही. हजारो जुन्या चित्रांवरून संगणकच ते शिकतो. अमेरिकेत अशा सीटी प्रणालींना २०१९ मध्ये परवानगी मिळाली. २०२० मध्ये ओस्लो आणि केंब्रिजच्या गणितज्ञांनी अशा सहा संशोधन-प्रणाली तपासल्या. आत जाणाऱ्या माहितीत डोळ्यांना न दिसणारा फरक केला की काही ठिकाणी चित्र पार विस्कटलं, तर कुठे बारीक तपशील पुसला गेला. ठरावीक कोनांवर शिकलेल्या काही प्रणालींना जास्त मोजमापं पुरवल्यावर चित्र सुधारण्याऐवजी बिघडलं.