गोड शेवटाचा आग्रह

अमेरिकन चित्रपट म्हटला कीं सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढें झगमगीत दिवाणखाने, भरधाव घोडेस्वार आणि अखेरीस एकमेकांच्या मिठींत विसावणारे नायक-नायिका उभे राहतात. ही समजूत खोटी नाहीं. पण ती अपुरी आहे. त्याच हॉलीवूडमध्यें, त्याच भांडवलाच्या छायेंत, कांहीं दिग्दर्शकांनीं कारकून, वृद्ध आईबाप आणि युद्धावरून परतलेले शिपाई यांचें जीवन आहे तसें पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या प्रयत्नांचा इतिहास पाहतां एक गोष्ट पुनःपुन्हां आढळते. कथेच्या मध्यावर सत्य दाखविण्यास निर्मात्यांची फारशी हरकत नसे. भांडण जुंपे तें शेवटावरून.

किंग व्हिडोर या दिग्दर्शकाच्या ‘द बिग परेड’ या युद्धपटानें १९२५ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीस अमाप पैसा मिळवून दिला होता. त्या यशाच्या बळावर त्याला १९२८ सालचा ‘द क्राउड’, म्हणजे ‘गर्दी’, हा मूकपट काढतां आला. त्यांतील नायक जॉन सिम्स हा ४ जुलै १९०० रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं जन्मास येतो. मुलगा पुढें कोणीतरी मोठा होणार, अशी बापाची खात्री असते. प्रत्यक्षांत तो न्यूयॉर्कच्या एका अवाढव्य कचेरींतील कारकून होतो. कॅमेरा गगनचुंबी इमारतीच्या भिंतीवरून वर चढतो, खिडकींतून आंत शिरतो आणि एकसारख्या टेबलांच्या रांगांतून नेमका त्याला हुडकून काढतो. ही भूमिका व्हिडोरनें नांवाजलेल्या नटास न देतां जेम्स मरे या जवळजवळ अज्ञात तरुणास दिली, आणि रस्त्यांवरील कांहीं दृश्यें लपविलेल्या कॅमेऱ्यानें टिपलीं. जाहिरातीच्या घोषवाक्याबद्दल जॉनला बक्षीस मिळतें, घरांत आनंदीआनंद होतो, आणि त्याच दिवशीं त्याची चिमुकली मुलगी मोटारीखालीं सांपडते. शोकानें बधिर झालेला बाप रस्त्यावरील गोंगाट थांबवूं पाहतो. पण शहर एका मुलीसाठीं थांबत नाहीं.

अशा माणसाचा शेवट काय करावयाचा? कंपनीला तो सुखाचा हवा होता. एकामागून एक अनेक शेवट चित्रित झाले. त्यांपैकीं एकांत जॉन श्रीमंत होऊन नाताळच्या झाडाभोंवतीं कुटुंबासह बसलेला दिसे. अखेरीस चित्रपट दोन शेवटांसह बाहेर पडला आणि निवड चित्रगृहांच्या मालकांवर सोंपविण्यांत आली. व्हिडोरला प्रिय असलेला शेवट वेगळा होता. नोकरी गमावून रस्त्यावर विदूषकाच्या वेषांत जाहिरातीचा फलक मिरविणारा जॉन बायको-मुलासह एका नाट्यगृहांत हंसत बसला आहे. कॅमेरा मागें मागें सरतो आणि तें कुटुंब हंसणाऱ्या शेंकडो तोंडांत दिसेनासें होतें. हा शेवट ना सुखाचा, ना दुःखाचा. तो केवळ जॉनचा आहे.

नऊ वर्षांनीं हाच प्रश्न लिओ मॅकॅरीपुढें उभा राहिला. लॉरेल आणि हार्डी यांच्या विनोदी पटांत तयार झालेल्या या दिग्दर्शकानें १९३७ सालीं पॅरामाउंट कंपनीसाठीं ‘मेक वे फॉर टुमारो’ हा बोलपट केला. आर्थिक मंदीच्या काळांत बँकेकडे घर गमावलेलें एक वृद्ध जोडपें. पांच मुलें असूनही दोघांना एकत्र ठेवून घेणारें घर एकही नाहीं. अमेरिकेंत वृद्धांच्या निर्वाहवेतनाचा कायदा १९३५ सालीं झाला होता, पण दरमहाचें वेतन १९४० पासून मिळूं लागलें. अशा वेळीं बाप एका मुलीकडे जातो, तर आई शेंकडों मैलांवर थोरल्या मुलाकडे. मुलाच्या घरीं पत्त्यांचा डाव रंगला असतां नवऱ्याचा टेलिफोन येतो. म्हातारी मोठ्यानें बोलूं लागते. प्रथम वैतागलेले पाहुणे हळूहळू पत्ते विसरून खालीं मान घालतात. पुढें आईला वृद्धाश्रमांत धाडण्याचें ठरतें. मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाहीं हें ओळखून तीच म्हणते, कीं आपल्यालाच तिकडे जावेंसें वाटतें. मुलाची लाज आईच अशी झांकते.

मुलें पश्चात्ताप पावून आईबापांस एकत्र आणतील, असा शेवट कंपनीला हवा होता. मॅकॅरीनें नकार दिला. स्टेशनवर दोघें जणूं थोड्याच दिवसांनीं भेटणार अशा थाटांत निरोप घेतात, गाडी निघते आणि म्हातारी एकटी उरते. चित्रपट चालला नाहीं, आणि मॅकॅरीला पॅरामाउंट सोडावी लागली. दुसऱ्या कंपनीसाठीं त्यानें केलेल्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या हलक्याफुलक्या बोलपटास १९३७ चें उत्तम दिग्दर्शनाचें ऑस्कर मिळालें, तेव्हां तें चुकीच्या चित्रपटास दिलें गेल्याचें तो उघडपणें म्हणाला.

यावरून सत्य म्हणजे दुःख, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. विल्यम वायलरच्या १९४६ मधील ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ या बोलपटाची अखेर लग्नानें होते. त्यांतील दोन्हीं हात गमावलेला खलाशी हॅरोल्ड रसेल यानें उभा केला. तो मुळांत नट नव्हता. सैन्यांत शिक्षक असतांना १९४४ मधील स्फोटांत त्याचे दोन्हीं हात खरोखरीच गेले होते. रात्रीं लोखंडी आंकडे काढून ठेवल्यावर आपण किती परस्वाधीन होतों, हें तो आपल्या वाग्दत्त वधूस स्वतः दाखवितो. ती मुकाट्यानें त्याच्या सदऱ्याचीं बटणें लावते. त्या एका दृश्यानंतर त्यांचें लग्न प्रेक्षकाला दिलेली लांच वाटत नाहीं. त्या एकाच भूमिकेबद्दल रसेलला दोन ऑस्कर मिळालीं आणि चित्रपटगृहें भरभरून वाहिलीं.

म्हणजे वाद गोड शेवटाशीं नव्हताच. तो पात्राच्या स्वभावांतून न उगवतां वरून चिकटविलेल्या शेवटाशीं होता. जॉन सिम्सला श्रीमंत करणें सोपें होतें, पण मग त्याच्यासारख्या लाखों कारकुनांना त्या पडद्यावर स्वतःचें असें कांहींच उरलें नसतें. ‘द क्राउड’ १९८९ सालीं आणि मॅकॅरीचा चित्रपट २०१० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत जतनासाठीं दाखल झाला. गल्ल्यानें ज्यांना फारसें उचलून धरलें नाहीं, त्यांना काळानें जागा दिली. मात्र नाताळच्या झाडाभोंवतींचा तो सुखी जॉन आज कोणाच्याच स्मरणांत घर करून राहिलेला नाहीं.