ॲव्हरेज काय देते?

आमच्या माजलगाव भागात कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी पहिला सवाल येतो, "ॲव्हरेज काय देते?" रंग, कंपनी, हप्ता, सगळं मागाहून. एका लिटरला किती पळती, एवढं कळलं की माणूस गाडीची पारख झाली असं समजतो. हा सवाल आमच्या तोंडी बसला कसा, आणि त्याचं उत्तर कायम "डिझेल" का आलं, ह्याला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. तो पुस्तकात नाही, पण आमच्या खिशातनं गेलेला आहे.

आमच्या लहानपणी चारचाकी म्हणजे जीप, आणि जीप म्हणजे पेट्रोल. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज जीपा इकडं जुळवायला सुरुवात केली, त्यांच्यात पेट्रोलचं इंजिन होतं. ती गाडी लढाईसाठी निघालेली. तिच्या टाकीत तेल कोण भरतंय ह्याची काळजी लढाईत कुणाला नसती. सरकारी साहेबाच्या जीपचंही तसंच. पण तीच जीप लिलावात घेऊन कुणी शेतकऱ्यानं दारात उभी केली की ती बैलजोडीपेक्षा जास्त खायची. "दारात हत्ती बांधलाय," असं लोक हसायचे.

डिझेल आम्हाला गाडीमुळं नाही, विहिरीमुळं माहीत झालं. मोट गेली आणि विहिरीवर इंजिन आलं. किर्लोस्करचं, कुणाकडं साताऱ्याच्या कूपरचं. हँडल मारून चालू करायचं, त्याचा ठोका दोन शेतं पलीकडं ऐकू यायचा. त्या ठोक्यावरून इंजिनला भार किती पडलाय हे गडी सांगायचा. म्हणजे रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं शिक्षण आम्हाला विहिरीच्या काठावर मिळालं. पुढं डिझेलच्या गाड्या आल्या तेव्हा त्या दुरुस्त करणारे हात गावात आधीच तयार होते. नोझल काढायचं, साफ करायचं, पाइपात धरलेली हवा काढायची, हे पोराटोरांना येत होतं. डिझेल इकडं रुजलं त्यात ह्या गोष्टीचा वाटा मोठा आहे, आणि तो कुणी धरत नाही.

मग पेट्रोलच्या जीपांची इंजिनं उतरवून डिझेलची बसवायची लाट आली. मिस्तरी लोक चेसीसवर नवे पाय वेल्डिंग करून इंजिन बसवायचे. गाडी थरथरायची, आरसा हलून मागचं काही दिसायचं नाही, पण खर्च खाली यायचा. ऐंशीच्या दशकात महिंद्रानंच फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन जीपला दिलं आणि आमच्या रस्त्यांवर काळीपिवळीचं राज्य सुरू झालं. माल न्यायला आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर होती. (टेम्पो हा शब्द आपण मराठीच समजतो, पण ते जर्मनीतल्या एका गाडीचं नाव.) १९८६ ला टाटाची ४०७ आली, आणि २००५ ला छोटा हत्ती, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. पहिल्या हत्तीला लोक हसले होते, ह्या हत्तीनं मात्र पोरांना धंद्याला लावलं.

आता डिझेल जास्त का पळतं? पेट्रोलच्या जुन्या इंजिनात हवा आणि तेलाचं मिश्रण सात-आठ पट दाबलं जायचं आणि ठिणगीनं पेटायचं. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा अठरा-वीस पट दाबतात. ती इतकी तापते की तेलाचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. जितका दाब जास्त तितकं त्याच तेलातनं काम जास्त. शिवाय पेट्रोलच्या इंजिनाला हवा झडपेतनं ओढून घ्यावी लागते, झडप अर्धी मिटलेली असली की इंजिनाची ताकद श्वास घेण्यातच जाते. डिझेलला ती अडचण नाही. आणि तिसरं म्हणजे लिटर हे माप फसवं आहे. डिझेल जड असतं, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के उष्णता जास्त भरलेली असते. पायलीनं ज्वारी मोजा आणि पायलीनं लाह्या मोजा, तसला प्रकार. म्हणून ॲव्हरेजमधला सगळाच फरक इंजिनाच्या हुशारीचा नाही.

हे धारूरच्या घाटात नीट कळतं. तेलगाव सोडून भरली गाडी वर चढायला लागली की डिझेलचं इंजिन कमी फेऱ्यांतच ओढतं. पेट्रोलला फेरे वाढवावे लागतात, आणि फेरे वाढले की तेल जातं.

पण नुसत्या इंजिनावर एवढं राज्य झालं नसतं. खरी गंमत दराची होती. डिझेल शेतीचं, एसटीचं, मालगाडीचं तेल म्हणून सरकारनं त्याचा भाव दाबून धरला होता. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारनं मोकळा सोडला, डिझेलचा नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. बत्तीस रुपयांचा फरक! मग काय, शहरातल्या मोठ्या मोटारीही डिझेलवर निघाल्या. आमच्या नावानं स्वस्त केलेलं तेल ज्यांच्या टाकीत गेलं, त्यांच्या बांधावर ज्वारीचं एक ताट नव्हतं. हे मला तेव्हाही डाचायचं, आजही डाचतं.

जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास चढू लागलं आणि ऑक्टोबर २०१४ ला तेही मोकळं झालं. जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा काही पैशांनी महाग झालं. आपल्या महाराष्ट्रात तसं झालं नाही, कर वेगळे आहेत. पण शेजारच्या परभणीचं नाव तेलाच्या महागाईसाठी पेपरात येऊ लागलं ते ह्याच काळात. तिथं तेल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतनं, टँकरनं. त्या लांबच्या वाटेचं भाडंही गिऱ्हाइकाच्या लिटरमध्येच धरलेलं असतं. तेल वाहायला तेल लागतं, आणि ते भरणारे शेवटच्या टोकाला आपण.

त्याच २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा आलं. धूर कमी झाला, ते चांगलंच. पण डिझेलच्या धुराड्याला गाळणी लागली, मोठ्या गाड्यांत तर युरियाचं पाणी भरावं लागतं. कापसाला युरिया मिळेना आणि ट्रकला वेगळी टाकी! गावचा मिस्तरी आता बॉनेट उघडून नुसता बघतो, त्याला कॉम्प्युटर लागतो. मारुतीनं तर त्या वर्षापासून डिझेल गाड्या काढणंच बंद केलं. छोटा हत्तीही पेट्रोलमध्ये मिळायला लागला.

माझ्या पुतण्याला भाजीपाल्यासाठी गाडी घ्यायची होती तेव्हा आम्ही ओट्यावर बसून कागदावर मांडलं. डिझेल ९२ रुपये धरा, पेट्रोल १०५. येणं-जाणं शंभर किलोमीटरचा फेरा. डिझेल पिकअप भरलेली असताना बारा देते असं धरलं तर साधारण ७६७ रुपये. लहान पेट्रोल गाडी पंधरा देते असं धरलं तर ७०० रुपये. लहान गाडी स्वस्त दिसली. मग मी त्याला माल किती ते विचारलं. पिकअपमध्ये पंधरा क्विंटल गेलं तर क्विंटलला ५१ रुपये पडतात. लहान गाडीत सात क्विंटल, म्हणजे बरोबर १०० रुपये. आणि तोडाच सहा क्विंटलचा निघाला तर? पिकअपला १२८, लहान गाडीला ११७. म्हणजे ज्याला सगळे ॲव्हरेज म्हणतात ते लिटरवर ठरतच नाही, ते आपल्या रानातला तोडा ठरवतो.

"काका, मग शेजाऱ्यांचा माल पण भरू की," तो म्हणाला.

हे खरं शहाणपण. आमच्या वस्तीवर चार घरं भाजीपाला काढतात आणि चार गाड्या अर्ध्या रिकाम्या मोंढ्यात जातात. येताना तर सगळ्याच रिकाम्या.

डिझेलच्या जादा किमतीचाही हिशेब घातला. समजा साठ हजार जास्त दिले आणि किलोमीटरला दीड रुपया वाचला, तर चाळीस हजार किलोमीटर पळाल्यावर पैसे फिटतात. रोज फेरा असेल तर वर्ष-दीड वर्षात फिटतील. आठवड्याचा एकच बाजार करणाऱ्याला सात-आठ वर्षं लागतील, आणि तोवर गाडीचा पत्रा गंजलेला असेल.

पुतण्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तिन्ही घरी जाऊन कुणाचा तोडा कोणत्या वारी असतो ते लिहून आणलं.