‘द जनरल’ : हास्यामागील इतिहास

बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) हा मूकपट आज पाहताना प्रथम नजरेत भरतो तो त्याचा खरेपणा. जळत्या पुलासह नदीत कोसळणारे इंजिन खरेखुरे आहे. ओरेगॉनमध्ये ते प्रत्यक्ष पाडले गेले. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसून नकळत वर-खाली होत निघालेला निर्विकार चेहऱ्याचा नायक पाहून हसू आवरत नाही.

पण इतिहास आडवा येतो. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ साली, हे इंजिन उत्तरेच्या माणसांनी पळविले. त्यांतील ८ जण फासावर गेले. मूळ वृत्तान्त त्यांच्यातल्याच एका सैनिकाचा. कीटनने मात्र नायक दक्षिणेचा केला. दक्षिणेला खलनायक ठरविलेले प्रेक्षक खपवून घेणार नाहीत, अशी त्याची धारणा होती. ज्या गुलामगिरीच्या रक्षणार्थ दक्षिण लढली, तिचा पडद्यावर मागमूस नाही. १९२७ साली काही टीकाकारांना खटकला तो हा अभाव नव्हे, तर रणांगणावरील मृत्यूवर केलेला विनोद.