‘स्टार वॉर्स’ : काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने

‘स्टार वॉर्स’ या नावाखाली १९७७ ते २०१९ या काळात प्रत्यक्ष अभिनेत्यांनी काम केलेले ११ चित्रपट प्रदर्शित झाले. त्यांचा एकूण कालावधी सुमारे २५ तासांचा आहे. याखेरीज २००८ मध्ये आलेला एक ॲनिमेशनपट आणि अनेक मालिका आहेत. त्यांपैकी ‘द क्लोन वॉर्स’ या एकाच ॲनिमेशन मालिकेचे १३३ भाग आहेत. हा पसारा पाहून नवा प्रेक्षक सुरुवातीलाच गोंधळतो. त्यातच चित्रपटांना दिलेले क्रमांक प्रदर्शनाच्या क्रमाशी जुळत नाहीत. सर्वांत आधी आलेला चित्रपट ‘भाग चौथा’ म्हणून ओळखला जातो, तर ‘भाग पहिला’ त्यानंतर २२ वर्षांनी आला.

या गोंधळाचे उत्तर मात्र सोपे आहे. सर्व काही पाहण्याची आवश्यकता नाही. १९७७, १९८० आणि १९८३ मध्ये आलेले तीन चित्रपट त्याच क्रमाने पाहिले, की मूळ कथा पूर्ण होते. उरलेले आपापल्या आवडीनुसार निवडता येते. सुरुवातीचा क्रम चुकला, तर मात्र एक अनुभव कायमचा हुकतो.

क्रमांक उलटे का?

जॉर्ज लुकास यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेतील अवघ्या ३२ चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्या वेळी त्याच्या नावापुढे कोणताही क्रमांक नव्हता. पुढचा चित्रपट निघेलच, याची शाश्वती नसल्याने त्याची कथा स्वतःपुरती पूर्ण ठेवण्यात आली होती. त्याला अभूतपूर्व यश मिळाले आणि सहा ऑस्कर पुरस्कारांखेरीज ध्वनीसाठी एक विशेष पुरस्कारही लाभला. १९८० मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा पाचवा भाग म्हणून आला. १९८१ मध्ये पहिला चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला ‘भाग चौथा’ हा क्रमांक आणि ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षक जोडण्यात आले. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ने ही त्रयी पूर्ण झाली.

त्यानंतर लुकास यांनी या कथेच्या आधीचा काळ चित्रित केला. ‘द फँटम मेनेस’ (१९९९), ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) आणि ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) हे अनुक्रमे पहिला, दुसरा आणि तिसरा भाग होत. २०१२ मध्ये डिस्नी कंपनीने लुकास यांची कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार केला. त्यातून २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये सातवा, आठवा आणि नववा भाग आला. ‘रोग वन’ (२०१६) आणि ‘सोलो’ (२०१८) हे दोन चित्रपट क्रमांकांच्या बाहेरचे आहेत.

विज्ञानकथा नव्हे, अद्भुतकथा

निवड करण्यापूर्वी अपेक्षा निश्चित असलेली बरी. जयंत नारळीकर यांच्या कथांत विज्ञानातील एखादी कल्पना कथेचा पाया असते. ‘स्टार वॉर्स’ त्या अर्थाने विज्ञानकथा नाही. येथे निर्वात अवकाशात स्फोटांचे आवाज ऐकू येतात आणि योद्धे प्रकाशाच्या तलवारींनी लढतात. राजकन्या, वृद्ध गुरू, दुष्ट साम्राज्य आणि खेड्यातला पोरगा ही लोककथेतील पात्रे अवकाशात नेऊन ठेवलेली आहेत.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) आणि ‘फ्लॅश गॉर्डन’ या जुन्या अमेरिकी चित्रमालिका यांचा प्रभाव लुकास यांच्यावर होता. कुरोसावांच्या चित्रपटात राजकन्येची कथा दोन सामान्य शेतकऱ्यांच्या नजरेतून उलगडते. लुकास यांनी तेच स्थान दोन यंत्रमानवांना दिले. वैज्ञानिक काटेकोरपणाची अपेक्षा ठेवणाऱ्याची येथे निराशा होईल. साहसकथा आवडणाऱ्याला मात्र पहिल्या दृश्यापासूनच रस वाटेल.

एका वाक्याचे रहस्य

मूळ त्रयी आधी पाहण्याचे मुख्य कारण ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या अखेरच्या भागात आहे. तेथील एका वाक्यामुळे आधीच्या चित्रपटात पाहिलेल्या गोष्टींचा अर्थच बदलून जातो. नवख्या प्रेक्षकांसाठी ते वाक्य येथे दिलेले नाही.

चित्रीकरणाच्या वेळीही ते अत्यंत गुप्त ठेवण्यात आले होते. खलनायक डार्थ व्हेडरच्या पोशाखात वावरणारे डेव्हिड प्राऊस यांनी कॅमेऱ्यासमोर निराळेच वाक्य उच्चारले. नायक ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांना खरे वाक्य दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी चित्रीकरणाच्या थोडेच आधी सांगितले. प्रेक्षकांनी ते व्हेडरचा आवाज असलेल्या जेम्स अर्ल जोन्स यांच्या तोंडून चित्रपटगृहातच प्रथम ऐकले.

पहिल्या तीन क्रमांकांचे चित्रपट हेच रहस्य सरळ कथानक म्हणून सांगतात. त्यामुळे १, २, ३ अशी सुरुवात करणाऱ्या प्रेक्षकाला पाचव्या भागात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे उरत नाही. पाचवा भाग आधी पाहिला, तर पूर्वकथेची गोडी कमी होत नाही. उलट शेवट ठाऊक असल्याने ती अधिक करुण वाटते. एकदा कळलेले रहस्य मात्र पुन्हा न कळल्यासारखे करता येत नाही. घरातील मुलांना हे चित्रपट प्रथमच दाखवणाऱ्या पालकांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

विनोदांतून आणि जाहिरातींतून ते वाक्य अनेकांच्या कानावर आधीच पडलेले असते. अशा प्रेक्षकांसाठीही हाच क्रम योग्य ठरतो. ते वाक्य खरे की खोटे, हा प्रश्न पाचवा भाग नायकासमोर ठेवतो आणि त्याचे उत्तर सहाव्या भागात मिळते.

पूर्वकथेची तीन प्रकरणे

१९९९ ते २००५ या काळातील त्रयीबद्दल प्रेक्षकांत तीव्र मतभेद आहेत. संवाद कृत्रिम आहेत आणि संगणकीय दृश्यांचा अतिरेक झाला आहे, हे आक्षेप निराधार नाहीत. तरीही या त्रयीचा विषय गंभीर आहे. एक प्रजासत्ताक बाहेरच्या आक्रमणाने नव्हे, तर स्वतःच्याच सभागृहाच्या संमतीने साम्राज्य कसे बनते, हे ती दाखवते. युद्धाच्या भीतीने प्रमुखाला आणीबाणीचे अधिकार दिले जातात आणि अखेरीस साम्राज्याची घोषणा टाळ्यांच्या गजरात होते.

भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने एक तपशील उल्लेखनीय आहे. ‘द फँटम मेनेस’च्या अखेरच्या द्वंद्वयुद्धासाठी जॉन विल्यम्स यांनी रचलेल्या संगीतात समूहस्वरांचे शब्द संस्कृत आहेत. एका प्राचीन वेल्श काव्याच्या इंग्रजी अनुवादातील शब्द त्यासाठी संस्कृतमध्ये आणण्यात आले.

लहान मुलांसाठी पहिला भाग सोपा आहे. तिसरा भाग मात्र काळोखा आणि हिंसक आहे. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र मिळालेला हा या मालिकेतील पहिला चित्रपट होता.

२०११ मध्ये एका अमेरिकी चाहत्याने सुचवलेला ‘मशेटी क्रम’ही प्रसिद्ध आहे. त्यात चौथा, पाचवा, मग दुसरा, तिसरा आणि शेवटी सहावा भाग पाहायचा असतो. पहिला भाग वगळला जातो. रहस्य कळल्यानंतर पूर्वकथा भूतकाळाच्या आठवणीसारखी येते आणि मग शेवट होतो, ही कल्पना चतुर आहे. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याने हा प्रयोग अवश्य करावा. पहिल्यांदा पाहताना मात्र पाचव्या भागानंतरची उत्कंठा सुमारे पावणेपाच तास लांबते आणि तिची धार बोथट होण्याचा संभव असतो.

डिस्नीनंतरचे चित्रपट आणि मालिका

सातव्या ते नवव्या भागांची त्रयी एकसंध नाही. जे. जे. अब्राम्स यांचा ‘द फोर्स अवेकन्स’ १९७७ च्या कथेचा आराखडा पुन्हा वापरतो. रायन जॉन्सन यांचा ‘द लास्ट जेडाय’ तो आराखडा जाणीवपूर्वक मोडतो. पुन्हा अब्राम्स यांनीच दिग्दर्शित केलेला ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ मागे वळतो. राजकन्या लेयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर यांचे डिसेंबर २०१६ मध्ये निधन झाल्याने नवव्या भागात त्यांचे पूर्वी चित्रित झालेले, परंतु न वापरलेले प्रसंग घ्यावे लागले. मूळ पात्रांच्या उत्तरायुष्याबद्दल कुतूहल असेल, तरच ही त्रयी पाहावी. सहाव्या भागाचा शेवट तिच्यावाचून अपुरा राहत नाही.

गॅरेथ एडवर्ड्स यांच्या ‘रोग वन’ची कथा १९७७ च्या चित्रपटाच्या लगेच आधी संपते. त्याची पूर्वकथा म्हणजे टोनी गिलरॉय यांची ‘अँडॉर’ ही मालिका. २०२२ आणि २०२५ मधील दोन पर्वांत तिचे २४ भाग आहेत. तीत जादू आणि प्रकाशाच्या तलवारी जवळजवळ नाहीत. हुकूमशाहीतील कारकून, कैदी, हेर आणि सामान्य नागरिक यांची ती कथा आहे. अद्भुतकथेची आवड नसलेल्या प्रौढ प्रेक्षकाने या मालिकेपासून सुरुवात केली तरी चालेल, कारण ‘अँडॉर’ आणि ‘रोग वन’ या दोहोंत पाचव्या भागाचे रहस्य उघड होत नाही.

‘द मँडलोरियन’ ही मालिका सहाव्या भागानंतर सुमारे पाच वर्षांनी घडते. २०१९ मधील तिच्या पहिल्या पर्वाचे आठ भाग कोणत्याही पूर्वतयारीशिवाय समजतात. पुढे मात्र गुंतागुंत वाढते. तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वांमधील महत्त्वाच्या घटना ‘द बुक ऑफ बोबा फेट’ या वेगळ्याच मालिकेत आहेत. ‘असोका’ (२०२३) समजण्यासाठी ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेची ओळख लागते. एक पाहण्यासाठी दुसरे पाहावे लागते, असे वाटू लागले की तेथे थांबण्यात काही कमीपणा नाही.

‘व्हिजन्स’ या लघुपटमालिकेला हा नियम लागू नाही. तिच्यात निरनिराळ्या देशांतील ॲनिमेशन संस्थांनी स्वतंत्र कथा सांगितल्या आहेत. मे २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या खंडातील ‘द बँडिट्स ऑफ गोलक’ हा लघुपट मुंबईच्या ‘८८ पिक्चर्स’ या संस्थेने तयार केला असून त्याचे दिग्दर्शन ईशान शुक्ला यांनी केले आहे. साम्राज्याच्या सैनिकांपासून पळणारे बहीण-भाऊ, खच्चून भरलेली आगगाडी आणि वाटेवरचा धाबा असे अस्सल भारतीय वातावरण त्यात आढळते.

कोणती आवृत्ती?

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. मूळ त्रयीत लुकास यांनी १९९७ मध्ये आणि त्यानंतरही वेळोवेळी बदल केले. काही प्रसंगांची भर पडली, तर काही दृश्ये संगणकाच्या साहाय्याने नव्याने घडवली गेली. २००४ मध्ये सहाव्या भागाच्या शेवटी पूर्वत्रयीतील एका नटाचा चेहरा घालण्यात आला. पूर्वत्रयी न पाहिलेल्या प्रेक्षकाला तो चेहरा अनोळखी वाटेल. त्याने गोंधळून जाऊ नये.

भारतात हे चित्रपट एप्रिल २०२० पासून ‘डिस्नी प्लस हॉटस्टार’वर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती सेवा नव्या रूपात आल्यानंतर ‘जिओहॉटस्टार’वर आले. या सेवांवरील आवृत्त्या बदललेल्या आहेत. १९७७ च्या प्रेक्षकांनी पाहिलेला मूळ चित्रपट २००६ मध्ये डीव्हीडीवर जोडचकती म्हणून निघाला होता. त्या काळातील मूळ प्रत जून २०२५ मध्ये लंडन येथे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात दाखवण्यात आली, तेव्हा ती एक विशेष घटना मानली गेली.

वेळेनुसार निवड

दोन तास असल्यास : १९७७ चा ‘स्टार वॉर्स’. त्याची कथा स्वतंत्र आहे. तो आवडला नाही, तर पुढे जाण्याचे कारण नाही.

सुमारे सव्वासहा तास असल्यास : चौथा, पाचवा आणि सहावा भाग. बहुतेकांसाठी एवढे पुरेसे आहे.

आणखी सात तास असल्यास : त्यानंतर पहिला, दुसरा आणि तिसरा भाग.

राजकीय नाट्याची आवड असल्यास : ‘अँडॉर’, ‘रोग वन’ आणि मग १९७७ चा चित्रपट.

लहान मुलांसोबत पाहायचे असल्यास : मूळ त्रयी. त्यांना आवडल्यास पुढे ‘द क्लोन वॉर्स’ मालिका, परंतु तिसऱ्या भागाची घाई नको.

बाकीचे सर्व नंतर केव्हाही पाहता येते, किंवा न पाहिले तरी चालते. पहिल्या तीन चित्रपटांचा क्रम तेवढा जपावा, कारण तो अनुभव प्रत्येक प्रेक्षकाला एकदाच मिळतो.