मतदार यादीत कोण? अधिसभेतल्या शिक्षक प्रतिनिधीची गोष्ट



अधिसभेची निवडणूक हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं काहींना वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. ‘प्रतिनिधित्व’ ही संकल्पना फळ्यावर लिहून समजावून सांगायचो. ती नीट कळली मात्र कॉलेजच्या सूचना फलकासमोर.

निवडणुकीची मतदार यादी लागली होती. आमचा एक तरुण सहकारी यादीवरून बोट फिरवत उभा होता. नेट झालेला, पीएच.डी. झालेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा. म्हणाला, “सर, माझं नाव नाही.” मी म्हटलं, “तुमचं नसतं.” तो हसला. “म्हणजे तास घ्यायला मी शिक्षक, आणि मत द्यायला नाही?” तेवढ्यात घंटा झाली. तो वर्गावर गेला, मी स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. त्याला उत्तर काही दिलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहिलेलं उत्तर समजा.

सुरुवात जरा लांबून करू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याची सिनेट होती, पण तिच्यातले फेलो सरकार नेमायचं. शिक्षकांनी आपल्यातून माणूस निवडून पाठवायचा, ही कल्पनाच तिथे नव्हती. पुढे लॉर्ड कर्झनने १९०४ साली भारतीय विद्यापीठ कायदा आणला. मुंबईच्या सिनेटसाठी शंभर फेलोंची कमाल मर्यादा ठरली. त्यातले दहा पदवीधरांनी निवडायचे, दहा विद्याशाखांनी, आणि बाकीचे कुलपतींनी नेमायचे. निवडणुकीला दार किलकिलं झालं, आणि सरकारी पकड घट्टही झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला, तो या पकडीलाच.

आता आपल्याकडे या. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, तेच निजामाच्या फर्मानाने. फर्मानाने जन्मलेल्या संस्थेत मत कोण कुणाला विचारणार? हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं. पण विद्यापीठ अजून हैदराबादचंच. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा कुठे या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं.

त्यानंतरचा इतिहास तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्हा त्यात होरपळला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, नांदेडला विष्णुपुरीत नवं विद्यापीठ उभं राहिलं. नाव स्वामी रामानंद तीर्थांचं. स्वामीजी मुक्तिसंग्रामाचे नेते हे सगळ्यांना माहीत असतं. ते त्याआधी शाळामास्तर होते, हे आपण विसरतो. नांदेड, लातूर आणि परभणी (त्यातूनच पुढे हिंगोली वेगळा झाला) एवढा या विद्यापीठाचा पसारा.

राज्यातल्या विद्यापीठांसाठी १९९४ साली एक समान कायदा आला, त्याची जागा पुढे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने घेतली. नव्या कायद्यानुसार अधिसभेत महाविद्यालयीन शिक्षकांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. पाच जागा खुल्या. उरलेल्या पाचांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना एकेक. ज्या भागात विद्यापीठाच्या नावापायी माणसांची घरं जळाली, तिथे या राखीव जागांना कुणी मेहेरबानी म्हणू नये.

आणि मत कसं द्यायचं? इथे मला माझा जुना मित्र भेटतो, जॉन स्टुअर्ट मिल. आपण शिक्का मारत नाही, पसंतीक्रम लिहितो. एक, दोन, तीन, चार. समजा खुल्या पाच जागा आहेत आणि सहाशे वैध मतं पडली. सहाशेला पाच अधिक एक, म्हणजे सहाने भागायचं. आले शंभर. त्यात एक मिळवायचा. एकशे एक हा झाला कोटा. तो गाठला की उमेदवार निवडून आला. त्याला जादा पडलेली मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. कुणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याचीही मतं सरकतात. म्हणून मोजणी रात्रभर चालते आणि उमेदवारांचे प्रतिनिधी कॅल्क्युलेटर घेऊन डोळे चोळत बसतात.

यातली गंमत पाहा. साध्या पद्धतीत, पाच जागांना प्रत्येकाने पाच शिक्के मारले, तर सहाशेपैकी तीनशे एक जण एकत्र आले की पाचही जागा त्यांच्या. इथे मात्र एकशे एक लोकांना आपला एक माणूस पाठवता येतो. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात एकटादुकटा असलेला शिक्षक, दुसऱ्या जिल्ह्यातल्या तशाच एकट्याशी हात मिळवू शकतो. ही पद्धत इंग्लंडात टॉमस हेअरने मांडली आणि मिलने १८६१ च्या आपल्या ग्रंथात ती उचलून धरली. बहुमताने अल्पमताचा आवाज गिळू नये, ही त्याची तळमळ होती. आपले आमदार राज्यसभेचे खासदार याच पद्धतीने निवडतात.

पण हाच मिल ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षं नोकरीला होता. भारतात कधी आला नाही. आणि हिंदुस्थानातले लोक प्रातिनिधिक राज्यकारभाराला अजून लायक नाहीत, असं त्याचं मत होतं! म्हणजे मत कसं मोजावं याचा इतका बारीक विचार करणाऱ्याने, मत कुणाला असावं या प्रश्नावर आपल्याला दाराबाहेर ठेवलं. मोजण्याची पद्धत कितीही न्याय्य असू द्या, यादी अन्याय्य असेल तर न्याय अर्धाच राहतो.

आता त्या तरुणाकडे वळतो. कायद्याच्या भाषेत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. ही अट घातली तेव्हा तिच्यात चूक नव्हती. तेव्हा वर्गावर बहुतेक पूर्णवेळ माणसंच असायची. पुढे पदं रिक्त राहिली, भरती रखडली, आणि तास घ्यायला तासिका तत्त्वावरची मुलं आली. कायद्याची व्याख्या आहे तिथेच राहिली, तिच्यातून माणसं तेवढी गळाली. आज एखाद्या विभागात मतदार एक आणि शिकवणारे चार, अशी स्थिती दिसते. १८५७ साली शिक्षकाला मत नव्हतं, कारण सरकारला तो नको होता. आज यातल्या तिघांना मत नाही, आणि तो निर्णय कुणी घेतलेलाही नाही. हे मला जास्त काळजीचं वाटतं.

तुम्ही म्हणाल, चार महिन्यांच्या माणसाला मत कसं द्यायचं? तो पुढच्या वर्षी असेल की नाही कुणास ठाऊक. शिवाय संस्थाचालक त्याच्यावर दबाव आणतील. शंका रास्त आहेत. पण दबाव कायम शिक्षकावरही येतो, पॅनलच्या चिठ्ठ्या आमच्याही खिशात आलेल्या आहेत. त्यावर उपाय म्हणून आमचं मत कुणी काढून घेतलं नाही, गुप्त मतदान दिलं. सलग काही वर्षं शिकवलेल्यांना वेगळा मतदारसंघ द्यावा, एक-दोन जागा द्याव्यात, यावर चर्चा तरी व्हावी. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, आणि ते काम विधिमंडळाचं.

पण एक गोष्ट कायदा न बदलताही होते. निवडून आलेल्या प्रतिनिधीने स्वतःला विचारावं, मी कुणाचा? माझ्या मतदारांचाच, की शिकवणाऱ्या सगळ्यांचा? अधिसभेत अंदाजपत्रक येतं, प्रश्न विचारता येतात, ठराव मांडता येतात. आम्ही आमच्या वेतनश्रेणीबद्दल, थकबाकीबद्दल तावातावाने बोललो, आणि ते बोलणं गरजेचंही होतं. तासिकावाल्याचं मानधन वेळेवर का मिळत नाही, हे आमच्यातल्या किती जणांनी विचारलं? मी स्वतः मत देताना उमेदवाराला हा प्रश्न कधी विचारला नाही. ही माझी कबुली.

त्या तरुणाला त्या दिवशी मी “तुमचं नसतं” एवढंच म्हणालो. खरं तर म्हणायला हवं होतं, “तुमचं असायला हवं. चला, उमेदवार आलेत स्टाफरूममध्ये, त्यांनाच विचारू.” आता मी निवृत्त, त्या यादीत माझंही नाव नाही. पुढची यादी लागेल तेव्हा आपलं नाव सापडलं की लगेच वळू नका. फलकासमोर आणखी कोण उभं आहे, तेवढं पाहा.