कोळशाच्या रेघा

आमच्या जुन्या घरात चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. आईला अक्षर येत नव्हतं, पण कामावरचा दिवस भरला की रात्री ती एक रेघ ओढायची. पगार पंधरवड्याचा, तोही वेळेवर नाही. आणि हजेरी हमखास कमी लागलेली. मग आई कारकुनापुढं उभी राहायची, "भाऊ, भितीवर चौदा हायती. तुमच्या मस्टरात बारा कशा?"

पहिली रेघ बहात्तरच्या दुष्काळातली. आमचं गाव माणदेशातलं, म्हणजे पावसानं पाठ फिरवणं नवं नव्हे. पण त्या साली प्यायलाही पाणी राहिलं नाही. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं. अख्खं गाव तिथं, पाटलाच्या भावकीतल्या बायासुद्धा, तोंडावर पदर ओढून. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनला मिलो, अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाल्ली की पोट धरून बसावं लागायचं. तरी खाल्ली.

वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिला होता, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. त्यातूनच रोजगार हमी आली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशासाठी १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे मुंबईतला कुणी कारकून आमच्या आईच्या मजुरीला हातभार लावत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पुढं पाऊस झाला, दुष्काळ सरला, पण आमचा उन्हाळा सरला नाही. माळाची तीन एकर जिराईत. बाजरी माघापर्यंत पुरायची. सुगी संपली की गावात कुणाकडं काम नाही. मग फाल्गुनापासून मृगापर्यंत आई रोजगार हमीवर. पेरणी झाली की परत लोकांच्या रानात खुरपायला. बाराही महिने ती राबतच होती, त्यातले दोन-तीन महिने सरकारच्या मस्टरवर, एवढाच फरक.

पारावर एक बागायतदार तिला नेहमी म्हणायचे, "आक्का, किती दिस सरकारचं खाणार?" आई काही बोलायची नाही. पाझर तलावाच्या कामावर तिनं दोन उन्हाळे माती वाहिली. तलाव भरला आणि पाणी वाढलं ते खालच्या अंगाच्या त्यांच्याच विहिरीला. आमचं रान वरच्या माळाला, तिथं थेंब नाही. त्यांनी दोन एकर ऊस लावला. अजून आहे. त्याचे दिवस कुणी भिंतीवर मोजले नाहीत.

थोरला भाऊ कोल्हापूरकडं फौंड्रीत लागला आणि रेघा थांबल्या. आईनं त्या वर्षी दिवाळीला भिंत सारवली, पण तेवढा भाग सोडून. "राहू दे, लागतील," म्हणाली. मला राग आला होता. २००३ च्या दुष्काळात भावाचं काम सुटलं, तो बायकापोरांसह घरी आला, आणि आई साठीच्या घरात असताना पुन्हा घमेलं घेऊन गेली. जुन्या रेघांच्या खाली नव्या रेघा. भावाला काम मिळालं तशा त्या परत थांबल्या.

ती भिंत नंतर पावसात पडली. १९९९ ला मिळालेलं पिवळं कार्ड मात्र आईनं जपून ठेवलं. पुढं अन्नसुरक्षा कायद्यात माणशी पाच किलो धान्य झालं, तांदूळ तीन रुपयांनी, गहू दोन रुपयांनी. मग दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. पहिल्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो. तिनं अंगठा ठेवला, पदराला पुसून परत ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. मशीन काही घेईना. दुकानदार म्हणाला, "आजी, रेघाच राहिल्या न्हाईत की बोटाला."

आई म्हणाली, "खडीत गेल्या बाबा." आणि पिशवी उघडी धरून तिथंच उभी राहिली.