एका प्रवेशअर्जाची गोष्ट

कॉलेजांत प्रवेश मागतांना त्या संस्थेची थोरवी गाइली म्हणजे आपली आस्था सिद्ध झाली, असें पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटतें. शिक्षकाच्या पेशांत असे अर्ज मीं कितीतरी वाचले. त्या वेळीं मला १८८३ सालचा एक अर्ज आठवे.

तो लिहिणाऱ्या होत्या १८ वर्षांच्या आनंदीबाई जोशी. अमेरिकेंत पोंचल्यावर त्यांनीं तो फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयाकडे पाठविला. हें विद्यालय १८५० मध्यें स्त्रियांना वैद्यक शिकविण्यासाठींच निघालें होतें. आपण प्रवेशाच्या सर्व अटींस कदाचित् उतरणार नाहीं, हें आनंदीबाईंनीं मोकळेपणीं कबूल केलें. मग आप्तांचा व जातीचा विरोध सोसून आपण कशासाठीं आलों, तें सांगितलें. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्वदेशभगिनींना त्यांना वैद्यकीय साहाय्य द्यावयाचें होतें. संस्थेचें कार्य व अर्जदाराचा हेतु यांचा मेळ तेथेंच दिसला.

त्यांना प्रवेश मिळाला व ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम्. डी. झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्यांचें निधन झालें. योजिलेली सेवा हातून घडावयाची राहून गेली. परंतु तो अर्ज अजूनहि धडा देतो.

आपल्या मुलामुलींचा अर्ज वाचतांना एवढेंच पाहावें: कॉलेजचें नांव बदलून तो दुसरीकडे तसाच चालेल काय? चालत असेल, तर पुन्हा लिहावयास सांगावें.